व्ह्यू २ वरून व्ह्यू ३ : दूध संकलनाच्या ॲपचं एक प्रकरण

हे प्रकरण एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं आहे, कंपनीचं नाव देत नाही आणि गावांची, संस्थांची नावंही देत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी, डेव्हलपर हाताच्या बोटावर मोजण्याइतके. मी बाहेरून मदतीला होतो, म्हणजे कोड बघायचा, चर्चेला बसायचं आणि पायलटच्या वेळी सेंटरवर हजर राहायचं. व्ह्यू हे वेबपानांचा दर्शनी भाग (फ्रंटएंड) बांधायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क, आणि हे त्याच्या व्हर्जन २ वरून ३ वर जाण्याचं, म्हणजे मायग्रेशनचं, प्रकरण. नव्या व्हर्जनमध्ये काय गेलं आणि काय आलं याच्या याद्या भरपूर मिळतात, व्ह्यूची स्वतःची मायग्रेशन गाइड तर खरंच चांगली आहे, पण त्यातला कुठला बदल एरर देऊन मोडतो आणि कुठला काहीच न बोलता मोडतो हे यादी वाचून डोक्यात बसत नाही. इथे सगळा मनस्ताप दुसऱ्या प्रकाराने दिला म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

कंपनीकडे दोन फ्रंटएंड होते आणि दोन्ही व्ह्यू २ वर, २०१९ च्या सुमारास सुरू केलेले.

पहिलं म्हणजे काउंटर ॲप. सकाळी आणि संध्याकाळी गावातल्या संकलन केंद्रावर लोक कॅन घेऊन रांगेत उभे असतात, आत एक ऑपरेटर बसलेला असतो, तो सभासद नंबर टाकतो, वजनकाट्यावरून लिटर येतात, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, दरपत्रकातून दर निघतो, पावती छापली जाते, पुढचा. एका माणसाला अर्धा मिनिटही मिळत नाही. नेट कधी असतं कधी नसतं, म्हणून नेट नसेल तेव्हा नोंदी ब्राउझरच्या इंडेक्स्डडीबी या आतल्या साठ्यात ठेवायच्या आणि नेट आलं की सर्व्हरला पाठवायच्या अशी सोय होती. या ॲपचे सगळे कंपोनंट, म्हणजे बटणं, आकड्यांचे बॉक्स, याद्या, घरीच लिहिलेले.

दुसरं म्हणजे ऑफिस पॅनेल. संस्थेचा सचिव आणि हिशेबनीस वापरतात, दहा दिवसांची बिलं, कपाती, पशुखाद्याची उधारी, रिपोर्ट. हे अख्खं व्ह्यूटिफाय २ या तयार कंपोनंटच्या लायब्ररीवर उभं होतं, पानोपानी डेटा टेबल.

दोन्हीचं बिल्ड, म्हणजे ब्राउझरला देण्यासाठी कोड बांधणं, व्ह्यू सीएलआय आणि वेबपॅक ४ या टूलवर चालायचं, आणि सगळं व्यवस्थित चालत असल्यामुळे तीन-चार वर्षं तिकडे कोणी फारसं बघितलंच नव्हतं.

अडचण

व्ह्यू ३ आलं १८ सप्टेंबर २०२० ला. ते डिफॉल्ट व्हर्जन झालं ७ फेब्रुवारी २०२२ ला, म्हणजे त्या दिवसापासून एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारातून नुसतं व्ह्यू इन्स्टॉल केलं की ३ यायला लागलं. जुन्या लोकांसाठी २.७ हे शेवटचं मोठं रिलीज जुलै २०२२ मध्ये आलं, आणि ३१ डिसेंबर २०२३ ला व्ह्यू २ चा सपोर्ट अधिकृतपणे संपला. या तारखा टीमला माहीत होत्या, पण माहीत असणं आणि मालकाला पटवून वेळ काढणं यात फरक आहे.

हलायला लावलं दोन गोष्टींनी. एक, नवीन मुलगा जॉइन झाला, त्याच्या लॅपटॉपवर नोड १८ (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं, बिल्डला लागतं), आणि प्रोजेक्ट चालूच होईना. वेबपॅक ४ ची हॅश करायची पद्धत नोड १७ पासून आलेल्या ओपनएसएसएल ३ या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत चालत नाही, त्यामुळे ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स’ असं काहीतरी म्हणून प्रोसेस मरते. लेगसी प्रोव्हायडरचा फ्लॅग लावून त्याचं काम भागवलं, पण घराचा पाया सरकलाय हे सगळ्यांना कळलं. दोन, एका मोठ्या ग्राहकाने सिक्युरिटी ऑडिट लावलं आणि ऑडिटरने सरळ विचारलं की तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या कुठल्या लायब्ररीचा सपोर्ट संपलाय त्याची यादी द्या. त्या यादीत पहिल्या ओळीला व्ह्यू होतं.

नेमकं काय बदललं, आणि मूळ कुठे आहे

टीमने पहिल्या मीटिंगला मायग्रेशन गाइडची यादी प्रिंट काढून आणली होती आणि एकेक ओळ वाचत होते, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले होते. मला वाटतं ती यादी अशी वाचूच नये. यातले बरेच महत्त्वाचे बदल एका मुळापासून फुटतात, ते मूळ समजलं की यादी निम्मी सोपी होते.

डेटा बदलला की स्क्रीन आपोआप बदलावी, म्हणजे डेटा रिॲक्टिव्ह असावा, यासाठी व्ह्यू २ तुमचं ऑब्जेक्ट घ्यायचं आणि त्यातल्या प्रत्येक प्रॉपर्टीवर ऑब्जेक्ट.डिफाइनप्रॉपर्टी वापरून गेटर-सेटर, म्हणजे वाचताना आणि लिहिताना चालणारी फंक्शन, बसवायचं. म्हणजे ऑब्जेक्ट तुमचंच, फक्त आतून बदललेलं. त्यामुळे नवीन की टाकली तर व्ह्यूला कळायचं नाही, ॲरेच्या इंडेक्सवर थेट लिहिलं तर कळायचं नाही, मग व्ह्यू.सेट लिहा नाहीतर फोर्सअपडेट मारा. या ॲपमध्ये सभासद नंबरवरून लिटर ठेवणारा एक मोठा ऑब्जेक्ट होता आणि त्याच्या आजूबाजूला अशा युक्त्यांचं रान माजलं होतं.

व्ह्यू ३ तुमच्या ऑब्जेक्टला हात लावत नाही, त्याच्याभोवती प्रॉक्सी, म्हणजे प्रत्येक वाचणं-लिहिणं मध्येच पकडणारं वेष्टन, गुंडाळतं आणि तुमच्या हातात तो प्रॉक्सी देतं. नवीन की, डिलीट, इंडेक्स, सगळं कळतं, व्ह्यू.सेटची गरजच उरत नाही म्हणून ते काढून टाकलं. प्रॉक्सीला पॉलिफिल करता येत नाही, म्हणजे जुन्या ब्राउझरमध्ये वरून कोड घालून त्याची सोय करता येत नाही, म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर ११ सुटलं. आणि मुख्य म्हणजे तुमच्या हातातलं ऑब्जेक्ट आणि मूळ ऑब्जेक्ट आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर फॉल्स येतं. हे वाक्य वाचायला अगदी साधं आहे, पुढे बघा त्याने काय केलं ते.

बाकीचे बदल बहुतेक एपीआयच्या साफसफाईचे. न्यू व्ह्यू जाऊन क्रिएटॲप आलं, त्यामुळे प्लगिन आणि ग्लोबल कंपोनंट अख्ख्या व्ह्यूवर न चिकटता त्या एका ॲपवर चिकटतात. कंपोनंटवरचं व्ही-मॉडेल, म्हणजे बॉक्समधली किंमत आणि डेटा दोन्ही बाजूंनी जोडायची सोय, आधी व्हॅल्यू प्रॉप आणि इनपुट इव्हेंटवर चालायचं, आता मॉडेलव्हॅल्यू आणि अपडेट:मॉडेलव्हॅल्यू. सिंक मॉडिफायर त्यातच विरघळला. $ऑन आणि $ऑफ गेले, म्हणजे कंपोनंटमध्ये निरोप पोचवायला इव्हेंट बस म्हणून रिकामा व्ह्यू वापरायची पद्धत संपली. फिल्टर, म्हणजे टेम्प्लेटमध्ये किंमत हवी तशी दाखवणारी फंक्शन, गेले. नेटिव्ह मॉडिफायर गेला. $लिसनर्स आता $ॲट्रसमध्येच येतात. बिफोरडिस्ट्रॉयचं बिफोरअनमाउंट झालं. एकाच टॅगवर व्ही-इफ आणि व्ही-फॉर असतील तर आधी व्ही-फॉर जिंकायचं, आता व्ही-इफ जिंकतं.

पर्याय

पहिला पर्याय, आहे तिथेच राहा आणि पैसे देऊन वाढीव सपोर्ट घ्या. व्ह्यू २ साठी असा सशुल्क सपोर्ट मिळतो आणि ऑडिटरला तो चालला असता. मालकांना हा आवडला होता कारण डेव्हलपरचा वेळ जात नाही. पण त्याने फक्त व्ह्यूचा प्रश्न सुटतो, वेबपॅक ४ आणि त्याच्याभोवतीची जुनी पॅकेजेस तशीच राहतात.

दुसरा, रिॲक्ट या दुसऱ्या लायब्ररीत नव्याने लिहा. मालकांचं म्हणणं, ‘रिॲक्टची मुलं कुठेही मिळतात, व्ह्यूची शोधावी लागतात.’ हे म्हणणं चुकीचं नाही. पण काउंटर ॲपमध्ये पाच वर्षांत जमलेले बारीकसारीक नियम होते, एका संस्थेत गाय-म्हैस एकत्र आली तर काय, फॅट हाताने टाकलं तर काय, आणि त्यातले अर्धे कुठेही लिहिलेले नव्हते, फक्त कोडमध्ये होते. नव्याने लिहिताना हे सगळं हरवतं.

तिसरा, व्ह्यू ३ मध्येच पण कोऱ्या पाटीवर, कंपोझिशन एपीआय आणि स्क्रिप्ट सेटअप ही कंपोनंट लिहायची नवी पद्धत वापरून. टीममधल्या तरुण मुलांचा हट्ट यासाठी होता आणि तो मला समजतो, लिहायला छानच आहे ते.

चौथा, पायरीपायरीने. आधी २.७, मग व्ह्यूचं मायग्रेशन बिल्ड, ज्याला सगळे कॉम्पॅट म्हणतात, आणि शेवटी शुद्ध ३. कॉम्पॅट म्हणजे आतून व्ह्यू ३ च, पण वागतं जुन्यासारखं आणि जिथे जुनी पद्धत सापडेल तिथे कन्सोलमध्ये वॉर्निंग देतं, आणि एकेका कंपोनंटला ‘तू आता ३ च्या मोडमध्ये चाल’ असं सांगता येतं.

टीम लीड बाई आधीच्या नोकरीत अँग्युलरजेएस या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या मायग्रेशनमधून गेलेल्या होत्या. तिथे अँग्युलर २ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं ते नावापुरतंच जुनं होतं, कोड जवळजवळ सगळा परत लिहावा लागला, आणि ज्यांनी लिहिला नाही ते २०२१ च्या अखेरीस सपोर्ट संपेपर्यंत लटकत राहिले. त्यामुळे त्यांची पहिली भीती तीच होती की हेही तसंच निघेल. मीटिंगमध्ये आम्ही काउंटर ॲपमधला एक साधा कंपोनंट घेतला आणि बघितलं की व्ह्यू ३ मध्ये तो किती बदलतो. लाइफसायकलचं एक नाव आणि एक व्ही-मॉडेल, बास. टेम्प्लेट तेच, डेटा, मेथड्स, कम्प्युटेड तेच. माझ्या मते त्या अर्ध्या तासाने निर्णय झाला, बाकी सगळ्या चर्चेपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

चौथा पर्याय ठरला, आणि त्याला जोडून दोन निर्णय झाले जे मला आजही बरोबर वाटतात.

पहिला, मायग्रेशन चालू असताना कंपोझिशन एपीआयकडे जायचं नाही. २०१९ मध्ये कंपोझिशन एपीआयचा प्रस्ताव पहिल्यांदा आला तेव्हा खूप लोकांना वाटलं की ऑप्शन्स एपीआय, म्हणजे डेटा, मेथड्स अशा खान्यांत लिहायची जुनी पद्धत, बंद होणार आणि मोठा गदारोळ झाला, पण ऑप्शन्स एपीआय काढणार नाही हे व्ह्यूच्या लोकांनी स्पष्ट केलं आणि ती अजूनही पूर्ण चालते. मग व्हर्जन आणि लिहिण्याची पद्धत दोन्ही एकदम बदलून, काही मोडलं तर नक्की कशामुळे मोडलं हे शोधत बसायचं कशाला? तरुण मंडळी नाराज झाली, त्यांना सांगितलं की नवीन कंपोनंट लिहाल तो स्क्रिप्ट सेटअपमध्ये लिहा, जुन्याला हात लावू नका.

दुसरा, दोन्ही ॲप एकदम नाही. कॉम्पॅटवर व्ह्यूटिफाय २ चालत नाही, कारण अशा मोठ्या लायब्ररी व्ह्यूच्या आतल्या खाजगी गोष्टींवर अवलंबून असतात, आणि हे व्ह्यूच्या गाइडमध्येच लिहिलंय. त्यामुळे पॅनेलला कॉम्पॅटचा रस्ताच नव्हता. काउंटर ॲप आधी, पॅनेल २.७ वर आणून तिथेच थांबवायचं.

काय केलं

जाण्याआधी एक चौकशी केली ती फार मोलाची ठरली. सगळ्या केंद्रांवर कुठला संगणक आणि कुठला ब्राउझर आहे हे सर्व्हरच्या लॉगमधून काढलं. बऱ्याच ठिकाणी विंडोज ७ होतं, आणि क्रोमने विंडोज ७ ला १०९ व्हर्जननंतर सोडून दिलंय. १०९ मध्ये प्रॉक्सी चालतं आणि नवीन बिल्ड टूल व्हीटच्या तेव्हाच्या डिफॉल्ट टार्गेटमध्येही ते बसत होतं. हे आधी बघितलं नसतं आणि कुठे त्याहून जुनं काही निघालं असतं तर सकाळी सहाला रांगेसमोर कोरी स्क्रीन आली असती.

मग २.७. हे जवळजवळ काहीच न मोडता झालं. मग ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या टूलचे व्ह्यू ३ चे नियम चालू केले, त्यातला ‘इसेन्शियल’ नावाचा गट. या गटाबद्दल पुढे येईल.

फिल्टरची गोष्ट इथेच सांगतो कारण ती बघून मी स्वतः दचकलो. दर दाखवायला टेम्प्लेटमध्ये रेट, मग उभी दांडी, मग रुपये असं लिहिलेलं होतं, म्हणजे रुपये नावाचा फिल्टर. एका मुलाने घाईत एक स्क्रीन थेट शुद्ध ३ वर चालवून बघितली. पान आलं, एरर नाही, आणि दर ३४.७० च्या ऐवजी ३४ दिसतोय. कारण व्ह्यू ३ मध्ये फिल्टर नाहीतच, त्यामुळे ती उभी दांडी आता साधं जावास्क्रिप्ट आहे, बिटवाइज ऑर. डावीकडे ३४.७, उजवीकडे कोणीही नाही म्हणजे अनडिफाइन्ड, आणि बिटवाइज ऑर आकड्याचा पूर्णांक करून टाकतं. डेव्ह मोडमध्ये कन्सोलला एक वॉर्निंग येते, प्रॉडक्शनमध्ये तीही नाही. फिल्टरला आर्ग्युमेंट दिलेलं असेल तर निदान ‘हे फंक्शन नाही’ म्हणून मोडतं, बिनआर्ग्युमेंटचा फिल्टर मात्र गुपचूप पैसे खातो. लिंटचा नियम हे पकडतो, आणि त्याने सगळे पकडले.

तसंच की-कोडचं. ऑपरेटर माऊसला हात लावत नाही, नंबरपॅडवर आकडा टाकून एंटर, पुढचा बॉक्स. कोडमध्ये कीअप.१३ लिहिलेलं होतं. व्ह्यू ३ मध्ये आकड्यांचे की-कोड नाहीत, एंटर असं नाव लिहावं लागतं. १३ तसंच ठेवलं तर एरर काही नाही, एंटर दाबलं की नुसतं काहीच होत नाही.

व्ही-मॉडेल बदलणं कंटाळवाणं पण सोपं होतं. इव्हेंट बस मिट नावाच्या छोट्या लायब्ररीवर नेली. अख्ख्या ॲपचा सामायिक डेटा ठेवणारी लायब्ररी व्ह्यूएक्स ४ वर आणून तशीच ठेवली, तिच्या जागी येणाऱ्या पिनियाचा विषय नंतर. आता अधिकृत शिफारस पिनियाची आहे, पण वर सांगितलं तेच कारण.

प्रॉक्सीने पहिला दणका दिला तो ऑफलाइन नोंदीत. टेस्टर मुलीने मुद्दाम वायफाय बंद करून नोंद टाकली आणि डेटाक्लोनएरर. इंडेक्स्डडीबीमध्ये ऑब्जेक्ट ठेवताना ब्राउझर त्याची स्ट्रक्चर्ड क्लोन पद्धतीने कॉपी करतो आणि प्रॉक्सीची अशी कॉपी होत नाही. व्ह्यू २ मध्ये ते तुमचंच ऑब्जेक्ट होतं म्हणून चालायचं. नेट चालू असेल तर नोंद जेएसओन, म्हणजे साधा मजकूर, होऊन थेट सर्व्हरला जायची, तिथे काही अडचण नाही, म्हणजे ऑफिसच्या वायफायवर हे कोणाला कधीच दिसलं नसतं.

दुरुस्ती म्हणून पहिल्यांदा सुचलं ते जेएसओन करून परत ऑब्जेक्ट करणं. पण फॅट हाताने टाकलं तर मशीनच्या स्क्रीनचा फोटो जोडावा लागायचा आणि तो ब्लॉब (ब्राउझरमधली कच्ची फाइल) होता, जेएसओनमधून गेला की ब्लॉबचा रिकामा ऑब्जेक्ट होतो, म्हणजे एरर जाते आणि फोटोही जातो. मग टूरॉ वापरलं, जे प्रॉक्सीच्या आतलं मूळ ऑब्जेक्ट देतं. तरी काही नोंदी मोडायच्या. शोधल्यावर कळलं की एका ठिकाणी यादी तीन ठिपक्यांनी स्प्रेड करून नवीन ॲरे बनवला जातोय, तो ॲरे साधा पण त्याच्या आतले घटक प्रॉक्सी, आणि टूरॉ फक्त वरचं साल काढतं. शेवटी एक छोटं फंक्शन लिहिलं, आत आत जाऊन प्रत्येक पातळीला टूरॉ करणारं आणि ब्लॉब, डेट यांना हात न लावणारं. डेटाबेसमध्ये जाणारं सगळं त्यातूनच जाईल असा नियम केला.

दरपत्रकात प्रॉक्सीचा उलट फायदा झाला. फॅट आणि एसएनएफच्या प्रत्येक जोडीला एक दर, म्हणजे हजारो खाने. व्ह्यू २ पान उघडताना त्या सगळ्यांवर गेटर-सेटर बसवत बसायचं. व्ह्यू ३ मध्ये आतल्या गोष्टी हात लावला तरच रिॲक्टिव्ह होतात, आणि दरपत्रकाला तर रिॲक्टिव्ह व्हायची गरजच नाही म्हणून मार्करॉ करून व्ह्यूला त्यापासून लांब ठेवलं. जुन्या संगणकांवर काउंटरची स्क्रीन डोळ्याला जाणवेल इतकी लवकर उघडायला लागली.

पायलटची सकाळ

कॉम्पॅटवर सगळं हिरवं झालं. एकेक कंपोनंट ३ च्या मोडमध्ये नेत होते, पण साध्या साध्या कंपोनंटना, म्हणजे बटण, लेबल, आयकॉन यांना, वॉर्निंगच येत नव्हती म्हणून वेगळं हात लावायची गरज वाटली नाही. शेवटी कॉम्पॅट काढून शुद्ध ३ टाकलं, लॉगिन आणि एक नोंद बघितली, आणि एका केंद्रावर पायलट सुरू केलं.

पहिल्या चार-पाच सभासदांनंतर सचिव आण्णा म्हणाले, ‘अवो, पावत्या दोन-दोन निघायला लागल्यात की.’ सगळ्यांना वाटलं प्रिंटरची सेटिंग. ऑपरेटरने प्रिंटर बंद करून चालू केला, रांग वाढायला लागली. मग आण्णांनीच ऑफिस पॅनेल उघडून आजचे लिटर बघितले आणि म्हणाले, ‘कॅनमधी येवढं दूध न्हाई. दुप्पट दाखवतंय.’ तिथे लगेच जुन्या बिल्डवर परत गेलो.

झालं असं होतं. घरी लिहिलेला बटणाचा कंपोनंट आतल्या बटणावर क्लिक झालं की स्वतः क्लिक नावाचा इव्हेंट इमिट करायचा, म्हणजे बाहेर कळवायचा. व्ह्यू २ मध्ये कंपोनंटवर लावलेला क्लिक लिसनर फक्त कंपोनंटने इमिट केलेलं ऐकायचा, ब्राउझरचं खरं क्लिक ऐकायचं तर नेटिव्ह लावावं लागायचं. व्ह्यू ३ मध्ये नेटिव्ह गेलं आणि नियम असा आला की कंपोनंटने इमिट्समध्ये जे इव्हेंट जाहीर केलेले नाहीत त्यांचे लिसनर आपोआप सगळ्यात बाहेरच्या टॅगवर बसतात. बटणाने क्लिक जाहीर केलं नव्हतं. त्यामुळे एकाच क्लिकला जतन करायचं फंक्शन दोनदा, एकदा इमिटमुळे आणि एकदा खऱ्या क्लिकमुळे.

मग आधी का दिसलं नाही? कॉम्पॅट मोडमध्ये लिसनर जुन्या पद्धतीने वेगळे ठेवले जातात, बाहेरच्या टॅगवर बसत नाहीत, म्हणून कॉम्पॅट असेपर्यंत हे घडणारच नव्हतं. जतन करताना बटण डिसेबल व्हायचं, पण दोन्ही कॉल एकाच क्लिकमध्ये लागोपाठ येतात आणि ब्राउझरमधलं पान (डीओएम) त्यानंतर बदलतं, त्यामुळे ती सोय निरुपयोगी. आणि काउंटरवरची यादी सभासद नंबर आणि दुधाचा प्रकार यावरून ठेवलेली होती, दुसरी नोंद पहिलीवरच बसायची, स्क्रीनवर एकच दिसायची. ऑफिसात टेस्ट करताना प्रिंटर जोडलेला नव्हता. सर्व्हरवर मात्र दोन.

दुप्पट झालेल्या नोंदी आण्णांसोबत बसून त्याच दुपारी काढल्या. संध्याकाळची पाळी जुन्या ॲपवर झाली. परत फिरणं इतकं सोपं झालं याचं कारण टीम लीडचा आधीचा एक आग्रह, की मायग्रेशनमध्ये इंडेक्स्डडीबीची रचना बिलकूल बदलायची नाही, म्हणजे जुना आणि नवा दोन्ही बिल्ड तोच साठा वाचू शकतील. त्या वेळी काहींना हे उगाचचं बंधन वाटलं होतं.

निकाल

सगळ्या कंपोनंटमध्ये इमिट्स लिहून काढलं. सर्व्हरवर प्रत्येक नोंदीला ब्राउझरमध्येच बनणारा वेगळा आयडी लावला आणि तोच आयडी परत आला तर नोंद घ्यायची नाही असं केलं. खरं म्हणजे हे पहिल्यापासून हवं होतं, नेट मध्येच गेलं तर दुप्पट नोंद व्ह्यू २ वरही झाली असती. मग परत पायलट, मग चार केंद्रं, मग सगळी. बिल्ड व्हीटवर आल्यामुळे नवीन माणसाला प्रोजेक्ट उभं करायला आता कुठलाही फ्लॅग लागत नाही, आणि ऑडिटच्या यादीतून काउंटर ॲपचं नाव निघालं.

पॅनेलचं काम हळू चाललंय. नवीन स्क्रीन वेगळ्या व्ह्यू ३ ॲपमध्ये, व्ह्यूटिफाय ३ वर, आणि कुठला पत्ता कुठल्या ॲपकडे जाणार हे सर्व्हर ठरवतो. इथेही गुपचूपवाले बदल आहेतच. डेटा टेबलच्या हेडरमध्ये टेक्स्ट होतं त्याचं टायटल झालं, जुनं तसंच ठेवलं तर टेबल येतं पण हेडर कोरे. डेन्स, आउटलाइन्ड असे जुने प्रॉप लिहिले तर कोणी काही बोलत नाही, नुसता परिणाम होत नाही. व्ह्यूटिफायसाठी वेगळं लिंट प्लगिन आहे, ते बरंच आपोआप बदलून देतं.

कुठल्या पत्त्यावर कुठलं पान दाखवायचं हे बघणाऱ्या राउटरने एक जुना आजार उघडा पाडला. सभासदाच्या यादीतून बिलाच्या पानावर जाताना अख्खं सभासदाचं ऑब्जेक्ट राउटच्या पॅरम्समधून पाठवलं जायचं, जे पत्त्यात कुठेच नव्हतं. व्ह्यू राउटर ४.१.४ पासून पत्त्यात नसलेले पॅरम्स टाकून दिले जातात. बिलाचं पान कायमच कोरं यायला लागलं. पण हिशेबनीस लोकांची वर्षानुवर्षं एक तक्रार होती की बिलावर असताना रिफ्रेश केलं की पान कोरं होतं, आणि तिला ‘रिफ्रेश करू नका’ असं उत्तर दिलं जायचं. कारण हेच होतं. आता पत्त्यात सभासद नंबर जातो आणि पान स्वतः माहिती मागवतं.

वेगळं काय करता आलं असतं

बटणाचा घोळ एका लिंट नियमाने पकडला असता. इमिट्स जाहीर केलेच पाहिजेत असा नियम ईएसलिंटच्या व्ह्यू प्लगिनमध्ये आहे, फक्त तो इसेन्शियल गटात नाही, त्याच्या वरच्या ‘स्ट्राँगली रेकमेंडेड’ गटात आहे. टीमने तो गट स्टाइलच्या बारीक नियमांचा म्हणून सोडला होता, आणि त्यात ॲट्रिब्यूट किती ओळींत लिहायचे वगैरे गोष्टी आहेतच, त्यामुळे सोडणं समजण्यासारखं आहे. पण मायग्रेशनपुरता हा एक नियम तरी वेगळा चालू करावा.

कॉम्पॅट काढणं हे शेवटचं छोटं काम म्हणून धरलं गेलं. माझ्या मते ते वेगळं रिलीज आहे आणि पूर्ण टेस्टिंग तिथेच परत व्हायला हवं, कारण कॉम्पॅट असेपर्यंत तुम्ही जे तपासता ते शुद्ध ३ नसतं. वॉर्निंग आली नाही याचा अर्थ वागणं बदलणार नाही असा होत नाही. पानातल्या सगळ्यात लहान कंपोनंटपासून ३ चा मोड लावत वर आलं असतं तर बटण पहिल्याच आठवड्यात सापडलं असतं, इथे मोठ्या स्क्रीनपासून सुरुवात झाली कारण वॉर्निंग तिथे जास्त होत्या.

पायलटच्या आधी ऑफिसात खरा प्रिंटर आणि नेट बंद करून पूर्ण एक पाळी चालवायला हवी होती, पन्नास-साठ नोंदी, आणि शेवटी सर्व्हरवरचे लिटर आणि हातातल्या कागदावरची बेरीज जुळवायची. सचिव रोज टँकर गेल्यावर हेच करतात. टीमने आता ते रिलीजच्या यादीत घातलंय.

सशुल्क सपोर्टचा पर्याय पॅनेलपुरता तरी घ्यायला हवा होता असं टीम लीडना वाटतं, कारण २.७ वरचं पॅनेल ऑडिटच्या यादीत अजून आहे आणि दर तिमाहीला त्याचं स्पष्टीकरण त्यांनाच लिहावं लागतं. मला ते तितकंसं पटत नाही, तो पैसा एका माणसाला पूर्ण वेळ पॅनेलवर बसवायला वापरला असता तर बिलांची पानं एव्हाना झाली असती. मालकांनी दोन्ही नाकारलं. सध्या कपाती आणि पशुखाद्य उधारीच्या स्क्रीन व्ह्यू ३ वर आल्यात, दहा दिवसांचं बिल आणि वार्षिक बोनस रिपोर्ट २.७ वर आहेत, आणि दिवाळीचा बोनस वाटप संपल्याशिवाय त्या रिपोर्टला हात लावायचा नाही असं ठरलंय.